इलियास मिस्त्रीचा कान

इलियासला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका ट्रकच्या इंजिनावर ओणवा झाला होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डायनामोवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मी मेढ्याहून सांगलीला नवा आलेला. पाना धरता येतो, एवढीच माझी ओळख. मी विचारलं, "काय बघताय?" त्यानं गप्प राहा म्हणून बोट वर केलं. मग म्हणाला, "ह्यातलं एक बुश रडतंय. दुसरं आजून बरं हाय." डायनामो खोलला. एक बुश झिजलेलं निघालं, दुसरं चांगलं होतं.

पुढं आम्ही दोघांनी मिळून विश्रामबागेकडं जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकलं. इंजिन, क्लच, ब्रेक माझ्याकडं. वायरिंग त्याच्याकडं. जेवणाचे डबे दोन, पण उघडायचे एकदम. माझी बनाबाई आणि त्याची जैनबभाभी, कुणाची चटणी तिखट यावर दोघींचं आमच्यामार्फत वर्षानुवर्षं भांडण चाललं. दोघी एकमेकींना भेटल्या की मात्र गोड बोलायच्या.

इलियासचं घर मिरजेचं, तंबोरे आणि सतारी करणाऱ्यांचं. वडिलांनी त्याला लहानपणीच जवारीला बसवलं होतं. तारेखालच्या घोडीवर कानस फिरवून आवाज उघडायचा, त्याला जवारी म्हणतात. एक हात कानस जास्त फिरली तर तंबोरा बिघडतो, म्हणून मारायच्या आधी ऐकायचं, मारल्यावर ऐकायचं. इलियासला बसून राहणं जमलं नाही. तो पळाला आणि मोटारींच्या नादाला लागला. वडिलांचा धंदा सोडला, कान मात्र बरोबर घेऊन आला.

वायरिंगच्या कामात कान लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. डॅशबोर्डच्या मागं रिले असतात. बटण दाबलं की त्यातली पट्टी चिकटते आणि टिक असा बारीक आवाज येतो. टिक झाली म्हणजे तिथपर्यंत करंट पोचला. नाही झाली तर दोष अलीकडं. बाकीचे मिस्त्री सगळ्या वायरी सोलून टेस्ट लॅम्प लावत बसत. इलियास चप्पल बाहेर काढून, उताणा होऊन गाडीत शिरायचा. डोकं डॅशबोर्डखाली, अनवाणी पाय दाराबाहेर. "चावी दे," म्हणायचा. मी चावी फिरवायचो. तो ऐकायचा आणि नेमकी एकच वायर सोलायचा. लोक त्याला कानाचा मिस्त्री म्हणत. त्याला ते नाव आवडायचं.

कान जायला लागला तो हळूहळू. आधी त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाऐवजी कानामागच्या हाडाला लावायला सुरुवात केली. मला वाटलं, सवय बदलली. मग एक दिवस पाहिलं, तो मूठ दातात धरून ऐकत होता. हाड आणि दात थरथर पोचवतात, आवाज नाही. तेव्हा मला कळलं.

एका जीपच्या कामाला तो डॅशबोर्डखाली होता. मी चावी फिरवली. टिक झाली, मला बाहेर स्वच्छ ऐकू आली. तो म्हणाला, "फिरव की." मी परत फिरवली. परत टिक. "फिरव रं, झोपलास काय?" त्याचा पाय माझ्यापाशी होता. मी चावी फिरवली आणि टिक झाली तसा त्याच्या पायाचा अंगठा दाबला. पाय दचकला. मग आत पक्कड चालल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून तेच चाललं. टिक झाली की अंगठा एकदा दाबायचा, नाही झाली तर दोनदा. आम्ही हे कधी बोलून ठरवलं नाही. डबा खातानाही तो विषय निघाला नाही.

जैनबभाभीनं मात्र मला एकदा दारात गाठलं. "राजारामभाऊ, घरात रेडिओ येवढा मोठा लावत्यात की शेजारीण भिंतीवर थापा मारती. मिरजंच्या डॉक्टरकडं एकलेच जाऊन आले. नस वाळली म्हनं, औषध न्हाई. कुनाला सांगू नगं म्हनून मला शपथ घातलीया. गॅरेजात ऐकू येतंय का हो त्यास्नी?"

"येतंय," मी म्हणालो. खोटं नव्हतं. माझ्या हातानं येत होतं.

इलियासला हवं होतं ते एवढंच, की हे बाहेर कळू नये. पोटापुरतं काम त्याला कुणीही दिलं असतं. पण कानाचा मिस्त्री बहिरा झाला हे एकदा फुटलं की तो गॅरेजात उभा राहू शकला नसता. त्याचा स्वभाव मला माहीत होता.

अशात शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात तासगावहून ती गाडी आली.

सयाजीशेठ तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी मुंबईहून एक परदेशी गाडी घेतली होती. दोन दारांची, निळी, बुटकी, शर्यतीला पळवतात तसली. बारा-तेरा वर्षं जुनी. दिवे बॉनेटमध्ये झाकलेले, बटण दाबलं की डोळ्यांसारखे वर यायचे. तासगावात तिला बेडकी म्हणत. आमच्या रस्त्यांवर तिचं पोट प्रत्येक गतिरोधकाला घासायचं. तरी शेठचा तिच्यावर जीव.

गाडी घेऊन आला तो त्यांचा ड्रायव्हर धुळा. उतरला तोच तक्रार सांगत.

"मिस्त्री, हिच्या अंगात येतंय! एका दाराला कुलूप घातलं की दुसरं आपसूक पडतंय, ते सेंट्रल लॉकिंग का काय म्हनत्यात ते. पर हिचं कवाबी पडतंय, कवाबी उघडतंय. आन् त्यो भोंगा. कुनी हात लावला न्हाई, मांजार जवळ आलं न्हाई, तरी बोंबलतोय."

"तू काय केलंस मग?" मी विचारलं.

"म्या? म्या दुपारचा आत पडलो व्हतो, जरा डोळा लागला. खाटकन् दोन्ही दारं बंद! काचा बटनावर, त्या हालंनात. आन् वरनं भोंगा. बेदाना निवडनाऱ्या सगळ्या बाया पळत आल्या. काचंला नाकं लावून बघत्यात. सर्कशीतलं माकड झालो आवं! एक म्हातारी तर म्हनती, ह्येला केळं द्या."

इलियास त्याच्या तोंडाकडं नीट बघत होता. हसायला थोडा उशीर झाला, पण हसला. तो तोंडाच्या हालचालीवरून बोलणं ओळखायला शिकला होता.

शेठनी आधी दोन ठिकाणी गाडी दाखवली होती. एकानं सायरनची वायर तोडायला सांगितलं. ती तोडली की इंजिनच फिरत नव्हतं, कारण अलार्म स्टार्टरला बांधलेला होता. मीही इलियासला म्हणालो, अलार्मचा सगळा डबाच काढून टाकू, स्टार्टर सरळ जोडू, अर्ध्या दिवसाचं काम.

"पाय दुखतुया म्हनून पाय काढतुयास व्हय?" तो म्हणाला. "बनवनाऱ्यानं काय येडा म्हनून डबा बसवलाय? दोष शोधू."

मग कामाला लागला. त्याची रीत ठरलेली होती. सोप्यापासून सुरुवात. बॅटरीची टोकं घासली, अर्थिंगची पट्टी खोलून परत आवळली. फ्यूज एकेक काढून उजेडात धरला. मग ड्रायव्हरचं दार. दार आणि खांब यांच्यामध्ये रबराची नळी असते, तिच्यातून वायरी जातात. दार उघडमिट होताना वायरी वाकत राहतात आणि आतल्या आत तुटतात. वरून रबर चांगलं दिसतं. त्यानं नळी सोडवून मागं सरकवली. एक वायर तुटलेली, दुसरीचा एक तंतू शिल्लक. दोन्ही कापून नवा तुकडा सोल्डरनं डाखून जोडला. वाकण्याच्या जागी जोड येऊ नये म्हणून तुकडा लांब घेतला. मला घाई झाली होती, त्याला नव्हती.

कुलूप सुधारलं. चावी फिरवली की दोन्ही दारांचे खटके एकदम पडू लागले. आपोआप पडायचं बंद झालं.

सायरन मात्र तसाच. गाडी बंद करून आम्ही डब्याला बसलो की थोड्या वेळानं बोंबलायची. कॉलेजांच्या परीक्षा चालू होत्या. समोरच्या खोल्यांतली पोरं पुस्तकं हातात घेऊन भांडायला आली. एक म्हणाला, "काका, नापास झालो तर तुमचं नाव सांगणार." तेव्हा इलियासनं सायरन काढून बाजूला ठेवला आणि त्याच्या वायरीला बल्ब जोडला. आता अलार्म लागला की आवाज नव्हता, बल्ब पेटायचा. पोरं खूश. खरा फायदा इलियासचा होता, हे मला एकट्याला माहीत होतं. बल्ब त्याला दिसत होता. त्याला माझ्या हाताची गरज उरली नाही. त्या चार दिवसांत तो पूर्वीसारखा काम करताना मी पाहिला. शीळसुद्धा घालायचा. ती बेसूर होती. आधी कधी नसायची.

दाराच्या चौकटीत एक खिळ्यासारखा स्विच असतो. दार लागलं की तो दाबला जातो. त्यावरून अलार्मला कळतं दार उघडं की बंद. इलियासनं तो उपसून काढला. आतलं तांबं काळं पडलं होतं. गंजाचा रंग हिरवट असतो. हा काळा, गुळगुळीत, दुधावर साय धरते तसा थर. त्यानं तो नाकाला लावला. मग मला दिला.

"कशाचा वास?"

"आगकाडीचा."

त्यानं बॉनेटचा स्विच काढला. तोच वास. डॅशबोर्डखालचा कनेक्टर खोलला. सगळ्या पिना काळ्या. काळ्या थरातून करंट कधी जातो, कधी अडतो. दार बंद असतं, पण अलार्मला वाटतं उघडलं. म्हणून भोंगा. दोष एका जागी नव्हता, जिथं जिथं तांबं उघडं तिथं होता.

धुळा दोन दिवसांनी चौकशीला आला तेव्हा इलियासनं त्याला विचारलं, "गाडी लावतासा कुठं?"

"शेडात, बेदान्याच्या. ऊन न्हाई, धूळ न्हाई. वरनं पांढरं कापाड घालतो. शेठच्या म्हशीस्नी पत्र्याचं छप्पर हाय, आन् हिला बेदान्याची शेड."

"आन् धुरी?"

"गंधकाची? ती तर असतीच की. बेदाना पिवळाधमक नगं व्हय?"

इलियास माझ्याकडं बघून हसला. "बेदान्यासंगं गाडीलाबी धुरी दिली बघ शेठनी."

द्राक्षं वाळवताना गंधक जाळून त्याचा धूर शेडात कोंडतात, त्यानं बेदाण्याला रंग राहतो. त्याच धुरानं तांबं काळं पडतं. शेठनी गाडीला घरातली सगळ्यात चांगली जागा दिली होती, आणि त्या जागेनंच ती बिघडली होती. मायेनं केलेली चूक. सापडायला म्हणून अवघड.

आता राहिलं ते कष्टाचं काम. गाडीतला एकूण एक कनेक्टर खोलायचा. पेट्रोल आणि ब्रशनं धुवायचा. बारीक पॉलिश पेपरची पट्टी कापून एकेक पीन घासायची. वाळवायची, बोटानं व्हॅसलिन लावायचं, परत जोडायचं. सीटखालचे, डिकीतले, दिव्यांचे, सगळे. मी दिसतील तेवढे घेतले. न दिसणारे त्यानं घेतले. माझी एक पीन त्यानं तीन वेळा परत दिली. "कोपऱ्यात ऱ्हायलंय," म्हणाला. मी चिडलो. पण राहिलं होतं हे खरं.

सगळं जोडल्यावर गाडी सकाळी बंद केली ती संध्याकाळपर्यंत बल्ब पेटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इलियासनं शेठना निरोप धाडला. उलट निरोप आला, गाडी तुम्हीच घेऊन या, सायरन इथं बसवा, चार लोकांसमोर एकदा वाजवून आणि गप्प करून दाखवा. शेठना हौस.

आम्ही गाडी घेऊन तासगावला गेलो. शेडाबाहेर लिंबाच्या सावलीत शेठनी खुर्च्या मांडल्या होत्या. तीन-चार व्यापारी, हमाल, निवडणाऱ्या बाया, धुळा. शेठ सगळ्यांना सांगत होते, "मुंबईच्या मिस्त्रीला जमलं न्हाई ते ह्येनी केलं. कानानं बघतोय, कानानं!"

इलियासनं आधी त्यांना शेडाची गोष्ट समजावली. शेठ कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हंजे म्याच हिला आजारी पाडलं व्हय? तरी बायकू म्हनत व्हती, हिला येवढी डोक्यावर बसवू नगा." बाया खिदळल्या.

मग इलियास बॉनेट उघडून सायरन बसवायला लागला. मी नेहमीप्रमाणं त्याच्या शेजारी उभा राहिलो. इथं डॅशबोर्डखाली शिरायचं नव्हतं, पण मी जवळ होतो. शेठ हाका मारू लागले, "राजाराम मिस्त्री, च्या घ्या की! नवा बेदाना तरी चाखा, या हिकडं शेडात."

मी हललो नाही. इलियासनं मान वर करून पाहिलं. "जा की. शेठ बोलावत्यात. दोन स्क्रू तर हायत."

मी गेलो.

सायरनच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी होती. चोरानं वायर तोडली तरी वाजावा म्हणून. बाहेरून येणारा करंट थांबला असं त्याला वाटलं की तो बोंबलतो. इतके दिवस तो त्याच्या चावीनं बंद करून आमच्या फळीवर पडून होता. त्याचा बाहेरचा कनेक्टर आम्ही घासला होता. आतलं झाकण उघडलं नव्हतं.

मी शेडात मूठभर बेदाणे तोंडात टाकले आणि सायरन सुरू झाला. पत्र्याखाली तो आवाज डोक्यात खिळा ठोकल्यासारखा शिरतो. मी पळत बाहेर आलो. सगळ्यांनी कानात बोटं घातली होती. एका बाईनं पदर डोक्याभोवती गुंडाळून घेतला होता. कुत्री ओरडत होती. आणि इलियास, त्या भोंग्यापासून वीतभर अंतरावर डोकं, शांतपणे दुसरा स्क्रू आवळत होता. घाई नाही. स्क्रू शेवटपर्यंत बसला का ते त्यानं अंगठ्यानं चाचपलं. फडक्यानं हात पुसले. मग वर बघून शेठकडं तोंड केलं, आणि बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं असं हसला.

"बगा शेठ," तो म्हणाला. "आता कशी गप बसलीया."

सायरन चालूच होता.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यानं समोर पाहिलं. शेठची दोन बोटं दोन कानांत. धुळाची तशीच. बायांची तशीच. सगळ्यांची तोंडं त्याच्याकडं. त्याचं हसू लगेच गेलं नाही, थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं. मग त्यानं हात मागं नेऊन तळवा सायरनवर ठेवला. हाताला थरथर लागली असणार. तो खाली बघू लागला.

मी पोचलो तेव्हा त्यानं कनेक्टर उपटला होता आणि सायरनची चावी फिरवून तो बंद केला होता. मी हात पुढं केला. त्यानं बाजूला सारला. सायरन काढला, गाडीच्या पुढं मातीत मांडी घालून बसला, मांडीवर सायरन घेऊन झाकण उघडलं. आतल्या पट्टीवर तोच काळा ठिपका. पॉलिश पेपर काढला आणि घासला. इतक्या माणसांत तेवढाच आवाज होता. परत बसवला. शेठकडं न बघता दार बंद केलं, अलार्म लावला, हँडल ओढून वाजवला, रिमोटनं बंद केला. सगळं बरोबर झालं. काम त्यानं अर्धं टाकलं नाही.

सयाजीशेठ वाईट माणूस नव्हते. तेच पुढं आले. दोन्ही हात हलवत, तोंड मोठ्ठं उघडून, ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं ओरडले, "मिस्त्री! लय! ब्येस! झालं! गाडी! ब्येस!"

इलियास म्हणाला, "शेठ, हळू बोला. बाया दचकत्यात."

येताना एस.टी.त तो खिडकीपाशी बसला. अर्धा रस्ता मागं पडला. मग माझ्याकडं तोंड केलं, कारण मी काय म्हणतो ते बघायचं होतं.

"सगळ्यांनी बघितलं?"

मी मान हलवली.

"लय वेळ वाजत व्हता?"

"न्हाई. जरासाच."

"खरं सांग, गड्या."

"व्हय. लय वेळ."

"मीच तुला जा म्हनलो," तो म्हणाला आणि परत खिडकीकडं वळला.

पुढचं शेठच्या कौतुकानं केलं. ते भेटेल त्याला सांगत सुटले, "ठार बहिरा हाय, पर गाडी अशी बरी केली!" त्यांच्या मते हे मोठं प्रशस्तिपत्र होतं. लोक बघायला येऊ लागले. काम घेऊन आलेली गिऱ्हाइकं इलियासला टाळून माझ्याशी बोलायची. तो समोर उभा असताना विचारायची, "ह्येस्नी समजंल का?" ज्यांनी वीस वर्षं त्याच्याकडून गाड्या करून घेतल्या तेही हातवारे करून हॉर्न म्हणजे काय ते त्याला दाखवायचे. मी दोघा-तिघांना हाकलून दिलं. किती जणांना हाकलणार?

एक दिवस एका ट्रकचा ड्रायव्हर हळूच त्याच्या मागं गेला आणि त्याच्या कानापाशी जोरात टाळी वाजवली. खरं का खोटं ते बघायला. इलियास हलला नाही. ड्रायव्हरनं मला डोळा मारला. पण इलियास उभा होता तिथं समोर ट्रकचा आरसा होता. त्यात त्याला टाळी दिसली. डोळा मारलेलाही दिसला असेल. त्यानं हातातली वायर जोडून पुरी केली, वर पट्टी गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा टेस्ट लॅम्प माझ्या पान्यांच्या पेटीत होता. वायर नीट गुंडाळून. तो आला नाही. मी घरी गेलो. जैनबभाभी म्हणाली, "मिरजंला गेल्यात. चुलतभावाकडं." चहा घेतल्याशिवाय तिनं सोडलं नाही. घरातला रेडिओ बंद होता.

गॅरेज मी आणखी दीड वर्ष चालवलं. वायरिंगचं काम दुसरीकडं धाडायचो. मग गुडघे गेले, मी मेढ्याला परत आलो. इथं डोंगर आहे, भात आहे, नाचणी आहे. मोटारी कमी.

गेल्या वर्षी थंडीत साताऱ्याहून गाडी धरून मी मिरजेला गेलो. त्याच्या चुलतभावाचं, अश्फाकचं, दुकान सापडायला वेळ लागला नाही. छताला भोपळे टांगलेले. अश्फाक नमाजाला गेला होता. इलियास भिंतीला टेकून, पाय पसरून बसला होता, पुढ्यात तंबोरा. त्याच्याकडं भोपळे तासायचं आणि पॉलिशचं काम होतं. पायरीवर माझी सावली पडली तसं त्यानं वर पाहिलं.

"बनाबाईच्या हातचं काय आनलंस?" पहिलं वाक्य हेच.

मी चटणीची पुरचुंडी दिली. वास घेऊन म्हणाला, "आजून तिखट कमीच." जैनबभाभीला हे कळवायचं ठरलं.

आम्ही बसलो. बोलणं फार नव्हतं. मी तोंड त्याच्याकडं करून हळू बोलायचो, तो बघायचा. भोपळ्यावर हात फिरवून दाखवला. कुठं खड्डा नाही, कुठं रेघ नाही. "जवारी अश्फाक करतो," तो म्हणाला. "मला जमतंय का म्हनून तारंला दात लावून बगितलं. आता दातालाबी कळंना झालंय."

मग तंबोरा माझ्याकडं सरकवला. "छेड की जरा."

"मला कुठं येतंय रं?"

"यायला काय लागतंय? बोट फिरव."

मी बोट फिरवलं. चार तारा एकामागून एक वाजल्या. दुकानभर तो आवाज बराच वेळ राहिला. इलियास माझ्या बोटाकडं बघत नव्हता. भिंतीला डोकं टेकून त्यानं डोळे मिटले होते. पाय माझ्यापाशी पसरलेले होते, अनवाणी.

मी त्याच्या पायाचा अंगठा दाबला. एकदा.

तो डोळे मिटूनच होता. आणखी कशाची तरी वाट बघत असावा. पण अंगठा दाबून वाजलं एवढंच सांगता येतं. चांगलं वाजलं की वाईट, याची खूण आम्ही कधी ठरवली नव्हती.